हातांचे स्तोम

दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत शस्त्रक्रियेवर जे लेख येतात, ते वाचून मला हल्ली वैताग येऊ लागला आहे. लेखाचा साचा ठरलेला. रात्रीची वेळ असते. रुग्णालयाच्या बाकांवर नातेवाईक ताटकळलेले असतात. आत मेंदूचे शस्त्रविशारद आठ आठ तास उभे असतात. अखेर दार उघडते, तोंडावरची पट्टी खाली ओढली जाते आणि थकल्या चेहऱ्यावर स्मित उमटते. मग लेखक डॉक्टरांच्या बोटांकडे वळतो. ती बोटे लांबसडक असतात, निमुळती असतात, फावल्या वेळात सतारही वाजवीत असतात. रोगी या लेखांत क्वचितच बोलतो. त्याने शेवटच्या परिच्छेदात हात जोडायचे, एवढेच त्याचे काम.

मेंदूतल्या रोहिणीवर येणाऱ्या फुग्याच्या, म्हणजे डॉक्टर ज्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात त्याच्या, उपचारांचा इतिहास तर या साच्यासाठीच घडला असावा असे वाटते. एडिंबरोचा डॉट, बाल्टिमोरचा डँडी, झुरिचचा यासारगिल, रोमचा गुग्लिएल्मी. एकेक नाव घ्यावे आणि निरांजन ओवाळावे. हा इतिहास खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो अर्धा आहे. आणि आमचे लेखक जो अर्धा भाग गाळतात तोच नेमका रोग्याच्या कामाचा आहे, अशी माझी तक्रार आहे.

मी वैद्य नव्हे. या वाटेला मी गेलो तो माझ्या वहिनींमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांना चक्कर येऊ लागली म्हणून डोक्याची तपासणी करून चित्रे काढली. चक्कर कानामुळे होती. ती पंधरा दिवसांत गेली. पण त्या चित्रांत मेंदूच्या एका रोहिणीवर ४ मिलिमीटरचा फुगा दिसला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते मोठे नावाजलेले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही डोक्यात टाइम बॉम्ब घेऊन हिंडताहात." पुढच्या गुरुवारची तारीखही देऊन टाकली. त्या दिवसापासून वहिनींनी पाण्याची बादली उचलणे सोडले, मोठ्याने हसणे सोडले, नातवाला कडेवर घेणे सोडले. एका रात्री त्यांनी मला विचारले, "भावजी, हा बॉम्ब फुटतोच का हो? की काही काही न फुटताच राहतात?"

प्रश्न अगदी साधा. मला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, आणि लांबसडक बोटांच्या एकाही लेखात ते सापडेना.

रोगाची गोष्ट थोडक्यात अशी. मेंदूच्या बुडाशी रोहिण्यांना जिथे फाटे फुटतात तिथे भिंत कधी कधी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते; सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूब डोकावते तशी. हा फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरते, डोके कोणी घणाने फोडावे तसे एकाएकी दुखू लागते, आणि रोगी पुष्कळदा वाचत नाही. अशा वेळी घटकाही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्याच दिवसांत सर्वांत मोठा असतो, म्हणून तो बंद करावा लागतो. त्याबद्दल माझा कोणाशीही वाद नाही.

पूर्वी हा फुगा वैद्यांना भेटे तो बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर. १८८५ साली लंडनच्या व्हिक्टर हॉर्सलीने एकाची कवटी उघडली, आत धडधडणारा गोळा पाहिला आणि मानेतली मोठी रोहिणी बांधून टाकली. घरातला नळ गळतो तर रस्त्यावरची तोटी बंद करावी, तसा हा उपाय. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझने रोहिणीत द्रव्य सोडून क्ष-किरणांनी तिचे चित्र घेण्याची युक्ती काढली आणि पुढे जिवंत माणसाच्या डोक्यातला फुगा दिसू लागला. २२ एप्रिल १९३१ रोजी नॉर्मन डॉटने रोग्याच्या मांडीतला स्नायूचा तुकडा काढून तो फुटलेल्या फुग्याभोवती गुंडाळला. रोगी बरा झाला. २३ मार्च १९३७ रोजी वॉल्टर डँडीने फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. तोही रोगी बरा झाला. येथपर्यंतचे सारे श्रेय हातांना आणि धाडसाला, हे मी आनंदाने मान्य करतो.

पण मोनिझचेच पाहा. त्याला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते रोहिणीचित्रासाठी मिळाले नाही. मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याची जी शस्त्रक्रिया त्याने काढली तिच्यासाठी मिळाले. ज्या शोधाने आजही रोज जीव वाचतात तो पारितोषिकावाचून राहिला. जिने देशोदेशीची हजारो माणसे जन्माची मंद करून ठेवली तिच्या गळ्यात हार पडला. असे का झाले? ती शस्त्रक्रिया किती उत्तम साधते हे जग ती करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकत होते, म्हणून. न केलेल्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसाचे कृत्य चिमटा लावण्याचे नव्हे. ते लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात घडले आणि त्याचा पहिला वृत्तांत १९६० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आला. तिथला वायली मॅकिसॉक हा विजेसारखा हात चालवणारा शस्त्रविशारद म्हणून प्रसिद्ध होता. आमच्या लेखकांना हवा तसा नायक. आणि या माणसाने काय करावे? फुगा फुटून आलेल्यांपैकी कोणावर शस्त्रक्रिया करायची आणि कोणाला नुसते अंथरुणावर निजवून शुश्रूषा करायची, हा निर्णय त्याने स्वतःच्या हातून काढून घेतला आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसा दैवावर सोपवला. मग दोन्ही बाजूंचे जिवंत आणि मृत मोजले. एका ठिकाणच्या फुग्यांत शस्त्रक्रियेचा लाभ दिसला. १९६२ साली दुसऱ्या जागेचा आणि १९६५ साली तिसऱ्या जागेचा हिशेब बाहेर आला. त्या दोन्हींत एकंदरीने शस्त्रक्रियेची सरशी झाली नाही. आणि हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापले. ज्या हाताची वाहवा होत होती त्या हातानेच लिहिले की येथे माझा उपयोग दिसत नाही.

यावर आमचे सहृदय वाचक म्हणतील, माणसाच्या जिवाच्या चिठ्ठ्या टाकायच्या? ही कसली माणुसकी? मीही प्रथम असाच चमकलो होतो. पण विचार करू लागलो तसा उलटाच प्रश्न पडू लागला. कोणता उपाय बरा हे ठाऊक असताना चिठ्ठी टाकणे हा गुन्हाच. परंतु ठाऊक नसताना, ठाऊक असल्याचा आव आणून प्रत्येकाच्या कवटीला हात घालणे, याला काय म्हणायचे? तीही चिठ्ठीच, फक्त ती डॉक्टरांच्या खिशात असते, आणि तिचा निकाल कोणी लिहून ठेवीत नाही.

मॅकिसॉकचीही आरती करण्याचे कारण नाही. मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया याच माणसाने शेकड्यांनी केल्या, आणि तिथे त्याने चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. एकच माणूस, तेच हात. वही उघडली तिथे शहाणपणा दिसला, मिटली तिथे अनर्थ झाला. म्हणून मी माणसाची बाजू घेत नाही, वहीची घेतो.

हातवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: ते दिवस सूक्ष्मदर्शकाच्या आधीचे. खरे आहे. यासारगिल अमेरिकेतल्या बर्लिंग्टनला जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली रोहिण्या शिवायला शिकला, झुरिचला परतला, आणि त्यानंतर चिमटा लावण्याची कला कुठच्या कुठे गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत रोग्याच्या डोक्याचे संगणकचित्र घेतले. ते घेतले त्याच अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, हा एक गमतीचा योग. रक्त सांडले आहे की नाही हे कवटी न उघडता कळू लागले. हे सारे मी मानतो. तथापि शस्त्रक्रिया सुधारली हे हातवाल्यांना तरी कशावरून कळले? मोजल्यावरूनच ना? मग मोजण्याला एवढे नाक का मुरडावे?

न मोजता केवळ तर्काने चालले की काय होते याचा एक मासला देतो. फुटलेल्या फुग्यावरची रक्ताची गाठ विरघळली की तो पुन्हा फुटतो. तेव्हा गाठ विरघळू न देणारे औषध द्यावे. तर्क बिनतोड. १९८४ साली चिठ्ठ्या टाकून झालेल्या प्रयोगाचा निकाल आला: पुन्हा फुटण्याचे प्रमाण खरोखरच घटले, पण मेंदूचा रक्तपुरवठा तुटून तितकीच माणसे गमावली गेली. एकूण जमाखर्च शून्य. उलट निमोडिपिन नावाच्या गोळ्या. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, एकवीस दिवस. १९८९ साली ब्रिटनमधल्या ५५४ रोग्यांवरचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात वाईट परिणाम दोनपंचमांशांनी कमी झाले होते. या गोळ्या अपरात्री उठून रोग्याच्या तोंडात घालणारी परिचारिका कोणत्याही दिवाळी अंकात मला अजून भेटलेली नाही. गोळी देणाऱ्या बोटांची लांबी कोण मोजतो?

आता वेटोळ्याची कथा. ती मोहक आहे हे मलाही कबूल. १९५९ सालच्या मे दिनी मॉस्कोच्या लाल चौकात मुले दोरीला बांधलेले फुगे खेळवीत होती. ते पाहून फ्योदोर सेर्बिनेन्को या डॉक्टराला सुचले की रोहिणीतूनच एक इवलासा फुगा आत सरकवता येईल आणि हव्या त्या जागी सोडून देता येईल. त्याने ते करून दाखवले आणि १९७४ साली पाश्चात्त्यांना ते वाचायला मिळाले. पुढे गुइदो गुग्लिएल्मीने फुग्याऐवजी प्लॅटिनमची मऊ तार घेतली. जांघेतल्या रोहिणीतून नळी घालायची, ती मेंदूपर्यंत न्यायची, तार फुग्यात वेटोळी करून भरायची आणि अगदी मंद वीज सोडून तिचा सांधा तोडायचा. पहिला रोगी १९९० साली, लॉस एंजेलिसमध्ये. कवटीला धक्का नाही.

इथे दोन पक्ष पडले. चिमटेवाले म्हणत, आमचे काम पक्के. वेटोळे काय, आज आहे उद्या दबले. वेटोळेवाले म्हणत, तुम्ही डोके फोडता. दोन्हीकडे नामवंत होते, दोन्हीकडे बोटे लांबसडक होती. वाद सभांतून कधीही मिटला नसता. तो मिटला, निदान निवळला, ऑक्सफर्डच्या मॉलिनो आणि कर या जोडीमुळे. यांतला एक वेटोळेवाला होता आणि दुसरा चिमटेवाला, हे विशेष. त्यांनी ४३ रुग्णालये गोळा केली. फुगा फुटलेले ९,५५९ रोगी तपासले आणि ज्यांच्याबाबत कोणता उपाय बरा हे प्रामाणिकपणे सांगता येत नव्हते अशा २,१४३ जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या. २००२ साली निकाल आला: वर्षभराने मेलेले किंवा परावलंबी झालेले वेटोळ्याच्या बाजूला शेकडा २३.७, चिमट्याच्या बाजूला ३०.६. फरक एवढा स्पष्ट की प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

चिमटेवाल्यांनी गहजब केला. त्यांचे काही आक्षेप रास्त होते, तेही सांगतो. तपासलेल्यांपैकी बहुसंख्य रोगी चिठ्ठीत आलेच नाहीत. आले ते बहुधा लहान फुग्यांचे आणि बऱ्या प्रकृतीचे. वेटोळ्याच्या फुग्यांना पुन्हा उपचार जास्त वेळा लागले. पण हे सारे आक्षेप त्यांना कुठे सापडले? त्याच वहीत. जमाखर्च उघडा ठेवला की चूकही त्यातच सापडते. आजही काही फुग्यांना चिमटाच उत्तम, हेही तेथूनच कळते.

मला खटकते ते वेगळेच. गुग्लिएल्मीचे नाव या विषयातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्या २,१४३ जणांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. डोके फुटण्याइतके दुखत असताना किंवा शुद्ध हरपलेली असताना त्यांनी, अगर त्यांच्या वतीने त्यांच्या बायकामुलांनी, 'टाका चिठ्ठी' म्हणून सही केली. आपल्या वाट्याला कमी चांगला उपाय येईल, हा धोका पत्करला. आणि कित्येकांच्या वाट्याला तो आलाही. आज ज्याच्या डोक्यातला फुगा बंद होतो तो त्यांचे देणे लागतो. डॉक्टरांच्या बोटांवर चार पाने लिहिणाऱ्या आमच्या लेखकांना या लोकांसाठी एक ओळ सुचू नये?

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तरही अशाच एका वहीत होते. त्यांचा फुगा कधी फुटला नव्हता. आणि न फुटलेल्या फुग्यांचा हिशेब अगदी अलीकडचा. कारण उघड आहे. शस्त्रविशारदाकडे येतो तो फुटलेला फुगा. न फुटलेला फुगा घेऊन माणूस ऐंशी वर्षे जगतो, दुसऱ्याच कशाने मरतो, आणि स्मशानात कोणी त्याची कवटी तपासत नाही. स्टेशनावर बसणाऱ्याला वाटते, सारे गावच प्रवासाला निघाले आहे. प्रौढ माणसांत शंभरांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, हे आपल्याला कळले ते चित्रयंत्रे आल्यानंतर.

१९९८ साली अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या डॉक्टरांनी मिळून न फुटलेल्या फुग्यांचा पहिला मोठा हिशेब मांडला. पूर्वी कधी रक्तस्राव न झालेल्या माणसाचा १० मिलिमीटरहून लहान फुगा वर्षाला शेकडा ०.०५ या प्रमाणात फुटतो, म्हणजे दोन हजारांत एक. हातवाल्यांचा विश्वास बसेना. २००३ साली ४,०६० रोग्यांचा दुसरा हिशेब आला. मेंदूच्या पुढल्या बाजूच्या बहुतेक रोहिण्यांवरचे ७ मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत एकही फुटला नव्हता. २५ मिलिमीटरच्या वरचे मात्र शंभरांत चाळीस फुटले होते. याच वहीत दुसरे एक पान होते. न फुटलेल्या फुग्यासाठी कवटी उघडलेल्यांत वर्षभराने मेलेले किंवा अधू झालेले शेकडा १२.६ निघाले, वेटोळेवाल्यांत ९.८. आणि अधू कोणाला म्हणायचे? इथे त्यांनी हातपाय लुळे पडलेल्यांबरोबर ज्यांची स्मृती आणि समज ढासळली तेही मोजले. टाके सुकले, रोगी चालत घरी गेला, डॉक्टरांनी 'यशस्वी' लिहिले, आणि घरी बायकोला कळले की याला आता भाजीच्या पैशांचा हिशेब जमत नाही. अशा माणसांना वहीत जागा मिळाली.

हे आकडेही वेदवाक्य नव्हेत. त्या पाहणीतले धोक्याचे फुगे आधीच वेचून शस्त्रक्रियेला नेले असतील, मग उरलेले सौम्यच दिसणार, असा आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. तेव्हापासून हातही सुधारले असतील. २०१२ साली जपान्यांनी ६,६९७ फुग्यांचा हिशेब दिला तो थोडा कडक आहे: ३ ते ४ मिलिमीटरचे फुगे वर्षाला शेकडा ०.३६ फुटले. जागा वाईट असेल, फुग्याला आणखी एक बारीक फुगी आली असेल, तर धोका वाढतो. घरात दोघातिघांना रक्तस्राव झालेला असेल तर गोष्ट निराळी. पण कडकात कडक आकडा घेतला तरी माझ्या वहिनींच्या वाटच्या हजार बायकांपैकी वर्षाला चौघींपेक्षा कमी. याला टाइम बॉम्ब म्हणत नाहीत. टाइम बॉम्बला घड्याळ असते आणि तो ठरल्या वेळी फुटतोच. रोग्याच्या डोक्यात असा शब्द पेरणाऱ्याने त्या शब्दाचे दुष्परिणामही कुठेतरी टिपून ठेवायला हवेत.

गुरुवारच्या आधी आम्ही पुन्हा त्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेलो. वहिनींनी प्रश्न घरून लिहूनच आणला होता. "डॉक्टर, न फुटलेला, एवढाच फुगा असलेल्या किती बायकांवर तुम्ही शस्त्रक्रिया केलीत? आणि वर्षाने त्यांपैकी किती जणी स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत होत्या?" डॉक्टर हसले. म्हणाले, "काकू, आकड्यांच्या नादी लागू नका. माझ्या हातावर विश्वास ठेवा." आणि त्यांनी खरोखरच हात पुढे केले. बोटे लांबसडक होती.

मग दुसरे डॉक्टर शोधले. वयाने लहान, नाव फारसे कोणी ऐकलेले नाही. त्यांना वहिनींनी तोच कागद वाचून दाखवला. ते उठले, कपाटातून एक नोंदवही काढली आणि पाने चाळून आकडे सांगितले. त्यांत ज्यांचे बरे झाले नाही अशा दोघींची हकिगतही सांगितली. एक बोलणे विसरली होती. "तुमच्या बाबतीत मी आज काही करणार नाही," ते म्हणाले, "रक्तदाब सांभाळू, वर्षाने पुन्हा चित्र काढू, वाढला तर बोलू." वहिनींनी चष्मा लावून वहीतली ती पाने स्वतः पाहिली. डॉक्टरांनी पाहू दिली.

गेल्या महिन्यात दुसरे चित्र निघाले. फुगा ४ मिलिमीटरच आहे. वहिनी नातवाला कडेवर घेतात, हसतातही. बादली मात्र अजून उचलत नाहीत. डॉक्टरांनी उचला म्हणून दोनदा सांगितले आहे. तरी उचलत नाहीत.